बॅरियर अण्णा

लिफ्ट आली, दार उघडलं, तरी अण्णा आत शिरत नसत. "स्वल्प थांब," म्हणत ते वाकून बघत. लिफ्ट खरंच आलीय, की नुसतंच दार उघडलंय?

अण्णा मूळचे निपाणीचे. बंगळूरच्या आमच्या कंपनीत ते कर्नल लिहीत, म्हणजे संगणकाची सगळी सूत्रं हलवणारा प्रोग्रॅम. नव्वदचं दशक होतं आणि मी पुण्याहून नवाच आलो होतो.

दोन प्रोसेसरांचं नवं यंत्र आलं आणि त्यावर माझा कोड रोज एकदा कोसळू लागला. कुठे अडतंय ते बघायला मध्ये पडद्यावर काहीतरी छापणारी एखादी ओळ घातली, की दिवसभर सुरळीत! काढली, की धाडकन. तीन आठवडे असे गेले. साहेब माझ्याकडे बघेनासे झाले.

अण्णांनी मला कॅन्टीनमध्ये नेलं.

"तू काय लिहिलायस? आधी डबा भर, मग 'भरला' म्हणून पाटी लाव. होय की नाही?"

"हो."

"पण प्रोसेसर लई शाणा. वेळ वाचवायला पाटी आधी लावतोय, डबा मागनं भरतोय. एकटा असला तर कुणाला कळतंय? पण दुसरा प्रोसेसर पाटी बघून डबा उघडतोय. आत कालचा भात!"

"मग?"

"मध्ये मेमरी बॅरियर घाल. अलीकडचं उरकल्याशिवाय पलीकडचं दाखवायचं नाही. आणि वाचणाऱ्यालापण एक घाल. तोपण शाणाच, पाटी बघायच्या आधीच डब्यात डोकावलेला असतोय."

दोनच ओळी घातल्या. यंत्र आठवडाभर अखंड चाललं. मी ऑफिसात अक्षरशः नाचलो.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची होती?"

मी तोंड उघडणार, तोच अण्णा म्हणाले, "माझी. कोड तपासला मीच होता."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही कशाला..."

"आज घरी येतोस?" त्यांनी मध्येच विचारलं.

संध्याकाळी चामराजपेटला गेलो. दोन लख्ख खोल्या. अण्णांनी उप्पीट पुढे ठेवलं आणि नुसतेच माझ्याकडे बघत बसले.

"काय झालं, अण्णा?"

"बाहेर बोलतोय की सगळ्यांशी. पण ही गेल्यापासनं या घरात मराठी ऐकलं नाही बघ. तू बोल की. काहीबी चालतंय."

मग मी आमच्या पुण्यातल्या बोळातली भांडणं सांगायला घेतली. नळावरचं झालं, सायकलीवरचं झालं. तिसऱ्या भांडणातल्या म्हातारीला अण्णा पोट धरून हसले, डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढत म्हणाले,

"मग? पुढं काय म्हणाली ती?"