हवा विचाराधीन आहे

नेमबाजी मंडळाच्या एअर रायफलींमधली हवा संपली आहे, ही बाब कार्यकारिणीच्या निदर्शनास आणून देण्यात आली. आणून देणारी धाकटी होती. तिने घोडा दाबला, रायफलीने "फुस्स" केलं आणि गोळी जरा पाय मोकळे करायला निघाल्यासारखी नळीतून बाहेर आली व टेबलावरच विसावली.

धाकटी ही मंडळाच्या चिटणीसांची, म्हणजे दादाची, सख्खी बहीण. रविवारी संघाची निवड चाचणी होती आणि वयाच्या अटीमुळे तिला ही शेवटचीच संधी होती.

"दादा, हवा भरायचा जुना पंप मोडलाय. नवा घे, नाहीतर हवेची बाटली घे. काहीही घे, पण आज घे."

"काहीही?" दादा दुखावला. "हा धोरणात्मक प्रश्न आहे!"

सभा भरली. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. ते म्हणाले, "बाटलीच. झडप फिरवली की रायफल भरली. रोग्याला कळायच्या आत दाढ हातात, तसं."

"आणि बाटली रिकामी झाली की?" उपाध्यक्ष गरजले. ते व्यायामशाळा चालवत. सगळे त्यांना पैलवान म्हणत. "पंपच हवा. स्वतः घाम गाळून भरलेली हवा नेम सोडत नाही."

"घाम गाळला की हात थरथरतात, पैलवान," धाकटी म्हणाली.

"ते तुझे."

त्या दिवसापासून मंडळात पंपवादी आणि बाटलीवादी असे दोन तट पडले. ते वेगवेगळ्या दारांनी ये-जा करू लागले. दार एकच असल्यामुळे त्याचे दोन भाग मानण्यात आले.

अखेर दादाने तोडगा काढला : तुलनात्मक चाचणी. एक पंप आणि एक बाटली नमुन्यादाखल मागवण्यात आली. धाकटी रायफल घेऊन धावत आली.

"थांब," दादा म्हणाला. "निर्णयाआधी एकातून भरलीस, तर दुसऱ्यावर अन्याय होईल. तोवर सराव तोंडी."

त्याप्रमाणे सगळे रांगेत उभे राहून, नेम धरून, तोंडाने "ठक्" म्हणू लागले. तोंडी सरावात पैलवानांचा एकही नेम चुकला नाही.

मग लक्षात आलं, की आलेली बाटली रिकामी आहे. ती बाहेरच्या यंत्रावर भरून आणायला पैलवानांनी हरकत घेतली. यंत्राची हवा उजवी निघाली, तर पंपावर ठपका येईल. निःपक्षपातीपणासाठी दोन्हींत हवा एकच हवी. सबब, बाटली पंपाने भरावी, असा ठराव एकमताने संमत झाला.

पाळ्या लागल्या. पंपाच्या पट्टीवर पाय रोवायचे, दांडा छातीपर्यंत ओढायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली दाबायचा. बाटलीची अब्रू राखायला बाटलीवादी पंप मारत होते, पंपाची अब्रू राखायला पंपवादी बाटली भरत होते. लोक पाण्याचा पेला दोन हातांनी उचलू लागले. दंतवैद्यांना सदऱ्याची गुंडी लावायला सौभाग्यवतींना बोलवावं लागे. धाकटी तेवढी पाळीतून सुटली. बाई नाजूक असते, असं पैलवानांनी बाकावर आडवं पडून सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी बाटली भरली. ज्यांचे हात उचलत होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने रायफल पुढे केली. दादाने बाटलीला मिठी मारली.

"ही हवा आता पुरावा आहे. काढलीस तर दाबाचा काटा उतरेल."

"मग उद्या मी गोळी फुंकून मारू?"

"फुंकणं हा तिसरा पर्याय झाला. तो विषयपत्रिकेवर नाही." आणि त्याने झडपेवर लाखेची मोहोर उठवली.

रविवारी धाकटी रिकामी रायफल घेऊनच गेली. मैदानावर कापड टाकलेलं एक टेबल होतं. त्यामागे वाकलेल्या माणसाने न बघताच रायफल घेतली, टेबलाखाली काहीतरी केलं आणि भरून परत दिली.

संध्याकाळी ती मंडळात परतली, तेव्हा दाराच्या दोन्ही भागांत कार्यकारिणी उभी होती.

"हवा मिळाली?" दादाने विचारलं.

"मिळाली."

"कशातून?"

"पाहिलं नाही."

"पाहिलं नाही?" पैलवान किंचाळले. "डोळे कुठे होते?"

"लक्ष्याकडे."

असा बेजबाबदारपणा मंडळाच्या इतिहासात घडला नव्हता. दंतवैद्यांनी तिला खुर्चीत बसवलं. "घाबरू नकोस. आठव. खालून धापा ऐकू आल्या, की नुसता एक सुस्कारा?" चौकशी समिती जागच्या जागी नेमली गेली. धाकटीने आपलं जाकीट पिशवीत भरलं, रायफल उचलली आणि दाराच्या बरोबर मधून निघून गेली.

चाचणीत ती कितवी आली, हे कुणीच विचारलं नाही. ती संघासोबत रवाना झाल्यामुळे मंडळात एक जागा रिकामी आहे. टेबलाखाली पंप होता की बाटली, हे कळल्याशिवाय तुम्हालाही चैन पडत नसेल, तर अर्ज करायची तसदी घेऊ नका. तुमची निवड झालेली आहे.