मधला कागद

दहावीला उत्क्रांतीचा धडा ज्या दिवशी शिकवायचा असतो, त्या दिवशी आमच्या शाळेत शेवटच्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ येऊन बसतात. पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी, पिशवीत फुलस्केपवर लिहिलेला हरकत अर्ज. गेली अकरा वर्षं मी हा धडा शिकवते आणि गेली अकरा वर्षं ते हरकत घेतात.

हे गव्हाणे भाऊसाहेब. आमच्या जामखेडकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि निवृत्त झाला म्हणून कुणी त्याचं भाऊसाहेबपण काढून घेत नाही. नोकरीत असताना त्यांचा मोठा दरारा होता. वारसाची नोंद करायला माणूस आला की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "मधला कागद दावा." आजा गावाला ठाऊक आहे, नातू समोर उभा आहे, पण बापाचा दाखला नाही, म्हणजे नोंद नाही. गावात म्हणतात, भाऊसाहेबांनी देवस्थानची जमीनसुद्धा देवाचा कागद आल्याशिवाय देवाच्या नावावर लावली नसती.

निवृत्तीनंतर ते वाक्य माझ्या नशिबी आलं. पहिल्या वर्षी मी नुकतीच संगमनेरहून बी.एड. करून आले होते. फळ्यावर आकृत्या काढल्या: माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर. चौघांच्या हाडांची ठेवण सारखी, म्हणजे चौघांचा पूर्वज एक, असं सांगत होते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हात वर आला. तोवर मी समजत होते, कुणाचे तरी आजोबा नातवाची प्रगती बघायला आलेत.

"मॅडम, ह्या मूळपुरुषाचं नाव काय?"

नाव नाही, फार जुना आहे तो, म्हटलं.

"मग मधला कागद दावा."

वर्ग खदखदून हसला. मी जीवाश्मांची चित्रं दाखवली. ती त्यांनी सातबारा तपासावा तशी तपासली आणि हे दोन कागद मान्य, पण या दोघांच्या मधला कुठंय, असं विचारलं. तोही दाखवला, तर त्यांनी एकाऐवजी दोन मोकळ्या जागा दाखवल्या. मी हात टेकले. तास संपल्यावर अर्ज माझ्या हातात देऊन त्यांनी पोच मागितली, सही-तारखेसकट. पुराव्याअभावी बैलाचं नाव माणसाच्या भाऊबंदांत घेण्यास हरकत आहे, असं त्यात टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं.

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. पुढं आठवडाभर पोरं डबा मागतानासुद्धा एकमेकांना मधला कागद मागायची. पण त्यांच्या धास्तीनं मी इतकी तयारी करायला लागले, की या धड्याला मला आता पुस्तक उघडावं लागत नाही. मनात मात्र धाकधूक असायची. हा माणूस एखाद्या वर्षी सगळं गाव पाठीशी घेऊन येईल आणि धडा बंद पाडेल, असं वाटायचं.

यंदा ती वेळ आली. पालकसभेत शालेय समितीचे नवे अध्यक्ष बोलायला उठले. मासा, कासव, वराह, नरसिंह, हे आपल्याकडं आधीच सांगून ठेवलंय, मग मुलांना माकडाची औलाद कशाला म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. हा धडा मुलांनी घरी वाचावा, त्या तासांना दशावतार सांगावेत. पालकांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापक पंख्याकडं बघत राहिले. दशावताराची गोष्ट मलाही आवडते, पण ती विज्ञानाच्या तासाला शिकवता येणार नाही, हे मी सांगितलं. कुणी ऐकेना. मग अध्यक्षांनी मोठ्या भरवशानं, सभेलाही शेवटच्या बाकावर येऊन बसलेल्या भाऊसाहेबांना बोलायची विनंती केली. माझं काही खरं नाही, हे मी ओळखलं.

भाऊसाहेब उठले. पिशवीतून अर्ज काढला.

"दशावतार मीबी देवळात हात जोडून ऐकतो. पर हा धडा म्हंजी समद्यांची वंशावळ हाय. त्यात येकदा लागलेलं नाव असं तोंडी कमी करता येत न्हाई. माझी हरकत हाय. पोच द्या."

ज्या माणसाला गाव अकरा वर्षं भीत होतं... छे, गाव कुठलं, मीच भीत होते. अध्यक्षांना पोच द्यावी लागली. हरकत नोंदवल्यावर निर्णय कसा घ्यायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून धडा राहिला.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं आणि हे काय, म्हणून विचारलं. त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. तलाठ्याच्या हातची, पट्टीनं रेघा मारलेली वंशावळ होती. वर मूळपुरुष, नाव अज्ञात. खाली देवमासा, वटवाघूळ, बैल, माणूस. माणसाच्या खाली एकच नाव, त्यांचं.

"ऊसतोडीची टोळी गावाभाईर उतरली हुती, मॅडम. सकाळी गाड्या गेल्या, तीन वर्साचा मी मागं ऱ्हायलो. गव्हाण्यानं वाढवलं, नाव दिलं. त्यो गेल्यावर वारस लावाय गेलो, तर चुलते म्हनले, ह्यो कुनाचा? मधला कागद दावा." त्यांनी कागदाची घडी घातली. "न्हवता. मग मला लावलेला नियम मी समद्यास्नी लावला. हजार वंशावळी लिवल्या, माझं नाव कशातच बसंना. ह्या तुमच्या येका धड्यात बसतंय."

मग दर वर्षी हरकत कशाला, असं मी विचारलं.

"आसंल कुठं तर सापडंल, म्हनून इचारत ऱ्हायचं."

मी शिक्षक खोलीत जाऊन रडले. अकरा वर्षं ज्यांना मी आडमुठा माणूस समजत होते, ते आपल्या आई-बापाची चौकशी करायला येत होते.

परवा धडा झाला. भाऊसाहेब वेळेआधी येऊन शेवटच्या बाकावर बसले. फळ्यावर चार आकृत्या झाल्या आणि हात वर आला.

"मॅडम, मधला कागद?"

पोरं हसायच्या तयारीत होती. मी खडू खाली ठेवला.

"शोध चालू हाय, भाऊसाहेब. तोवर नाव कमी करत न्हाई आम्ही."

त्यांनी मान डोलावली, हात खाली घेतला, आणि अर्ज पिशवीतच राहू दिला.