कोलमवर पाय

सेतुराव मुलगी बघायला जातात तेव्हा पहिला पाय ठेवतात तो नेमका दारातल्या कोलमवर. कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. तंजावरात पहाटे अंगणात सडा टाकून ती घातल्याशिवाय घर जागं झालं असं कुणी मानत नाही. शेंबडी पोरंसुद्धा तिला वळसा घालून जातात. आमचे त्रेपन्न वर्षांचे नवरदेव मात्र चपला काढून, धोतर सावरून, हसतमुखाने तिच्या मधोमध उभे राहतात.

"पाय चुकून पडतो का हो तुमचा?" मी एकदा विचारलं.

"चुकून कां? पाहून ठेवतों. गोड बोलायला सगळ्यांस येतें, कुलकर्णी. राग आला की माणूस आईच्या भाषेंत बोलतो. मला मराठींत रागावणारी पाहिजे."

मी बँकेच्या बदलीवर इथं आलो आणि इथलाच झालो. सेतुराव माझ्या समोरच्या घरात राहतात. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या वेळी इकडे आले. तमिळ शेजारी त्यांना रायर, म्हणजे राव, म्हणतात. त्यांची मराठी इतकी जुनी, की मला पुष्कळदा माझ्या पणजोबांशी गप्पा मारल्यासारखं वाटतं. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नाही. तरी बायकोला मोडी आली पाहिजे, ही अट आहेच.

"तुम्हाला येते का मोडी?"

"मला कशाला? तिला येऊं दे. वाचून दाखवील."

शिवाय ती चाळिशीच्या आतली हवी. गाणारी हवी. केस काळे हवेत, आणि तेही न रंगवता. हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या कानशिलावर मेंदी वाळत असते. आणि ती उंच हवी. का, तर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर त्यांच्या आईचं पितळी पातेलं आहे, तिथं तिचा हात स्टुलाशिवाय पोचला पाहिजे. सेतुरावांचा टाचा उंचावूनही पोचत नाही.

"एखादी तरी अट सोडा," मी म्हणायचो.

"एक नाहीं सोडणार! डॉक्टर म्हणाला, साखर कमी केली. मीठ कमी केलें. आतां बायकोंत कमी नाहीं घेणार."

अशा माणसाला कोण मुलगी देणार? एका घरी मुलगी नुसती हसली, तर यांनी तिथल्या तिथे तिला नापास केलं. ओरत्तनाडुला मुलीच्या आईने असा तोंडाचा पट्टा सोडला, की गल्ली गोळा झाली. "सगळें तमिळ," सेतुराव तोंड वाकडं करून म्हणाले. बरोबर जायचो मी, त्यामुळे शिव्यांत माझाही वाटा असायचा. खरं सांगतो, मला त्यांचा संताप यायचा.

मग पापनाशमचं स्थळ आलं. चंद्राबाई, शाळेत शिक्षिका, विधवा, पन्नाशीला टेकलेल्या. त्यांच्या भावाने बोलावलं होतं. घर मराठी, म्हणून आम्ही गेलो. दारात मोठं सुबक कोलम होतं. मी मागून सदरा ओढला, पण व्हायचं ते झालंच.

चंद्राबाई कॉफी घेऊन बाहेर येत होत्या. ठेंगण्या, केस पांढरे. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"डोळे कोठें ठेवून आलांत? पहांटे उठून, कंबर मोडून घातलेलें दिसेना? एवढे मोठे झालांत, आईनें कांहीं शिकवलें नाहीं?"

भाऊ कपाळाला हात लावून उभा. सेतुरावांनी हळूच पाय उचलला. आता हे नाचायला लागतील असं मला वाटलं, पण ते मान खाली घालून उभे राहिले. बाईंनी पिठाची करवंटी त्यांच्यापुढे ठेवली.

"तुडवलें तें घालून द्या. मग कापी."

सेतुराव धोतर खोचून उकिडवे बसले. चिमटीतून पीठ सरळ पडत गेलं; आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती फिरणारी न तुटणारी रेघ. मी बघतच राहिलो. हे कोलम मी रोज सकाळी समोरच्या दारात बघत आलो होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, कामवाली घालते.

"कोणाचें हें?" चंद्राबाईंनी विचारलं.

"आईचें. ती गेल्यावर मीच घालतों. घरांत कोणी बाईमाणूस नाहीं, हें रस्त्याला कां कळावें?"

बाईंनी वाकून कोलम निरखलं. "डावीकडची रेघ वांकडी झाली," म्हणाल्या, आणि कॉफी दिली. निघताना दारापर्यंत आल्या. "पुढल्या वेळीं वळसा घालून यावें."

परतीच्या बसमध्ये सेतुराव उपरण्याने डोळे पुसत होते. "काय रागावली हो! आई गेल्यापासून मला कोणी असें रागावलेंच नव्हतें." पण इतक्या वर्षांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, तसं कसं सोडणार?

"चाळिशी उलटलीय, केस पांढरे, मोडीचं तर विचारायचं राहिलंच," मी म्हणालो. "आणि उंची तुमच्याहून कमी. पातेल्याला हात कसा पोचणार?"

सेतुरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग मान ताठ करून माझ्याकडे वळले.

"अट नाहीं सोडणार मी," ते म्हणाले. "फळी खालीं घेतों."