कमळजाबाईंचा प्रवास-दाखला

एका जंगलात, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, वडाखाली भरलेल्या मातृत्व तपासणी समितीसमोर कमळजाबाई उभी होती.

मुलांनो, कमळजाबाई म्हणजे तळ्यावरची कमळपक्षीण. गावोगावची तळी हिंडून फोटो काढायचे, हा तिचा धंदा. दूरच्या खाडीवर रोहित पक्षी उतरले होते. आठच दिवस राहणार होते. या फोटोंसाठी ती वर्षभर थांबली होती. पण समितीच्या दाखल्याशिवाय पिल्लंवाल्या बाईला जंगलाची वेस ओलांडता येत नसे.

आता कमळपक्ष्यांची एक रीत आहे. अंडी आई घालते. उबवतो बाप, वाढवतोही बापच. तिचा नवरा कमळोजी शेजारीच उभा होता. चारही पिल्लं त्याच्या पंखांखाली. खालून आठ पाय लोंबत होते.

अध्यक्ष मोररावांनी पिसारा सावरला. "बाई, तुम्ही गेल्यावर पिल्लांकडे कोण बघणार?"

"हे काय, हे बघतायत."

"ते दिसतंय हो. पण बघणार कोण?"

"साहेब, मीच की!" कमळोजी म्हणाला.

"तुम्ही मधे बोलू नका. आम्ही आईशी बोलतोय."

सचिव टिटवीबाईंना मात्र गहिवरून आलं. "बायको धडधाकट असून बिचारा चार-चार पिल्लं ओढतोय! यांना 'आदर्श माता' पुरस्कार द्या."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. शाल घ्यायला कमळोजी वाकला, तसं एक पिल्लू निसटलं. त्याने ते चोचीने पुन्हा आत ढकललं.

"चला, आदर्श माता घरातच निघाली," कमळजा म्हणाली. "आता तरी द्या दाखला."

"कसा देणार? माता ते ठरले. तुम्ही माता नाही. जी माता नाही, तिला दाखला द्यायचा अधिकारच आम्हाला नाही."

"मग मला दाखला लागतच नाही!"

"लागतो तर! पिल्लं आहेत ना तुम्हाला?"

कमळजाबाई रोज यायची. समिती रोज बसायची. नवव्या दिवशी रोहित उडून गेले.

खाडीवर नेमकं काय होतं, याची पाहणी करायला पुढे समितीने मोररावांना पाठवलं. ते महिनाभर राहिले.

तात्पर्य : मुलींनो, घर आणि करिअर दोन्ही नीट सांभाळायचं असेल, तर मोर व्हावं. मोररावांना पिल्लं किती आणि त्या महिन्यात ती कुणाकडे होती, हे समितीने अद्याप सांगितलेलं नाही.