‘कशावरनं’ अण्णा

पायगोंडाअण्णांसमोर "आज उकडतंय" म्हणायचीसुद्धा चोरी होती. चष्म्यावरून बघत ते लगेच विचारायचे, "कशावरनं?"

आमच्या बेळगावच्या कारखान्यात लोखंड वितळवून पंपांची कास्टिंग ओततात. अण्णा तिथले क्वालिटीचे साहेब. मूळचे निपाणीकडचे, जैन शेतकरी घरातले. खडेबाजारात नारळवाला "पाणी भरपूर हाय" म्हणाला की यांचं "कशावरनं?" तयार. माझ्या लग्नात भटजींनी मुहूर्त उत्तम असल्याचं सांगितलं, तेव्हा हातात अक्षता घेऊन उभ्या असलेल्या अण्णांनी त्यांनाही तेच विचारलं. माझे सासरे अजून त्यावरून मला ऐकवतात.

मालकांनी प्रत्येक मशिनीजवळ स्क्रीन बसवली, तेव्हा अण्णांना स्वर्ग दोन बोटं उरला. बिघाड झाला की कामगारानं तीन गोष्टी लिहायच्या: काय झालं, काय केलं आणि ते कशावरून ठरवलं. तिसरा रकाना अण्णांनी भांडून घेतला होता. "माणसं जात्यात ती डोस्क्यातलं सोबत घिऊन जात्यात. मागं काय तरी ऱ्हायला पायजे का न्हाय?" असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक नोंद ते स्वतः वाचून पास करत. पुढं या नोंदींवरून शिकून कॉम्प्युटरच आम्हाला सल्ला देणार होता. हे कॉम्प्युटरचं झेंगट माझ्या गळ्यात होतं.

मग अण्णा निवृत्त झाले. आमच्याकडं निरोप म्हणजे शाल, नारळ आणि थंडगार सामोसा. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची स्टोअरला गेली, आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरची चाचणी ठरली. मालकांनी स्वतः टाइप केलं, "कास्टिंगला भोकं पडली आहेत, काय करावं?"

उत्तर आलं, "अण्णांना विचारा."

भट्टी नीट तापत नाही? "अण्णांना विचारा."

मी नोंदी उघडल्या. टायपिंगला कंटाळलेल्या पोरांनी तिसऱ्या रकान्यात सरसकट "अण्णांना विचारलं" एवढंच लिहून ठेवलं होतं. आणि अण्णांनी ते डोळे झाकून पास केलं होतं.

"आता जाऊन विचारून या," मालक म्हणाले, "नाहीतर सगळं पुसून टाका."

संध्याकाळी पिरनवाडीला त्यांच्या घरी गेलो. वहिनी गेल्यापासून अण्णा तिथं एकटेच राहतात. मुलगा बंगळुरात असतो. घरात दिवा लावलेला नव्हता. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून जेवण उरकलेलं, धुतलेलं एक ताट कट्ट्यावर पालथं घातलेलं. टीव्हीवर कापड टाकलेलं होतं. त्या घरात मोठ्यानं बोलायचाही मला संकोच वाटला.

लॅपटॉप उघडून मी त्यांच्यासमोर ठेवला. "अण्णा, अख्ख्या जगाला कशावरनं म्हणून विचारता, मग हे पास कसं केलं तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढला.

"सगळीकडं माझं नाव दिसायचं रं. खोडू वाटलं न्हाय." मग चष्मा पुसत म्हणाले, "घरात मला आज भाजी कुठली आणायची म्हणूनबी कोण विचारत न्हाय."

मला फार वाईट वाटलं. मी पहिली नोंद वाचली: कास्टिंगला भोकं, साचे पुन्हा केले.

अण्णा ताठ बसले. "साच्याची वाळू लई ओली होती त्या दिवशी. मुठीत दाबली की बोटाला चिकटायची. कोरडी वाळू मिसळून साचे परत करायला लावलं म्या." आवाज पार कारखान्यातल्यासारखा चढला होता. मी ते टाइप केलं आणि दुसरी नोंद वाचायला घेतली.

त्यांनी हळूच लॅपटॉप मिटला.

"आज एवढंच. सगळं एकदम विचारलास की संपतंय रं. उद्या ये."