गुरुबसप्पांचं गोदाम

पाणी पिण्याची सवय लागते म्हणूनच माणसाला तहान लागते, असं उदगीरच्या गुरुबसप्पांचं ठाम मत होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, सरकारी पाट्यांवरचा रंग अजून वाळला नव्हता, आणि त्यातच पावसानं पाठ फिरवली. गल्लीतले आड एकामागून एक कोरडे पडले. पाणी उरलं ते एकट्या गुरुबसप्पांच्या आडाला. त्यांनी त्यावर लाकडी झाकण घातलं, झाकणाला कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

एक मात्र खरं, माणूस अन्यायी नव्हता. जो नियम घराला तोच स्वतःला. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. मधल्या वेळात मिरची-मसाल्याच्या दुकानात बसून चहा. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पालेभाजीला पाणी लई लागतं म्हणून ती बंद. गिऱ्हाईक आलं की ते छाती ठोकून सांगायचे, "बघा, उंटासारखा ऱ्हातोय. काही होत न्हाई."

भिंतीपलीकडे धाकटा भाऊ मलप्पा राहायचा. वाटणीत आड थोरल्याकडे गेला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. मलप्पाची बायको जगदेवी डोक्यावर घागर घेऊन टँकरच्या मागे पळायची. ती दिसली की गुरुबसप्पांना पोटात कसंसंच व्हायचं, पण कुलूप ते कुलूप.

पुढे पोटात खरंच कसंसंच व्हायला लागलं. सकाळी तांब्या घेऊन जायचं आणि तसंच परत यायचं. आज न्हाई तर उद्या, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. उद्या उगवत राहिला, काम काही होईना. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आंबट ढेकर यायचे, बरगडीखाली कळ उठायची, आणि एवढं असून भूकही लागेना. बायकोनं, शिवकांतानं, ओवा दिला, हिंग लावला. ओव्यानं आवाज तेवढा वाढला. वैद्य म्हणाले वात आहे. शेजारचे निवृत्तीराव म्हणाले की वात कसला, हे काळजाचं दुखणं, त्यांच्या मामाचंही असंच पोटापासून सुरू झालं होतं. मामाचं पुढं काय झालं, असं गुरुबसप्पांनी विचारलं. निवृत्तीरावांनी आभाळाकडे बघून सुस्कारा सोडला आणि विषय बदलला.

त्या सुस्काऱ्यानं काम केलं. गुरुबसप्पांनी ओळखलं, आपले दिवस भरले. लातूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं, पण तिथून परत येऊ याचा भरवसा त्यांना वाटेना. एसटीला निघण्याआधी त्यांनी मलप्पाला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला. गुरुबसप्पांनी करदोट्याची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"मल्लू, आड तुझा. गल्लीलाबी पाणी दे. मी काही वर घेऊन जाणार न्हाई."

मलप्पाचे डोळे भरून आले. "अण्णा, असं बोलू नका," एवढंच त्याला म्हणता आलं. गुरुबसप्पांनाही गहिवरून आलं. मरताना आपण इतके चांगले निघू असं त्यांना वाटलं नव्हतं.

एसटीनं प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या पोटाची खबर घेतली. नळेगाव येईस्तोवर आजूबाजूची बाकं रिकामी झाली होती. माणसं दांडीला लोंबकळत उभी होती, पण बसायला कुणी येईना.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताप येतो का, उलटी होते का, वजन घटलं का, शौचातून रक्त जातं का, सगळं नीट विचारलं. पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, काळीज तपासलं, फोटो काढायला लावला. तो काचेवर लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या. गुरुबसप्पांनी मनातल्या मनात शिवाचं नाव घेतलं.

"काका, धंदा काय तुमचा?"

"मिरची-मसाला. ठोक."

"मग तुम्हाला लगेच कळेल. काळीज चांगलं आहे. गाठ नाही, पीळ नाही. गोदाम भरलंय, माल बाहेर निघालेला नाही. पाणी किती पिता?"

"दोन तांबे," गुरुबसप्पा अभिमानानं म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. टँकरवर जगणारी माणसं रोज अशी येतात, असं त्या म्हणाल्या. "तुमच्याकडेही पाण्याचे हाल दिसतात." सोबत आलेली शिवकांता पुढे सरकली.

"घरात भरलेला आड हाय, बाई. कुलपात होता."

बाईंनी एक पूड दिली. भरपूर पाणी, पालेभाजी, डाळी, चहा कमी. आणि एवढं करून आराम पडला नाही किंवा रक्त दिसलं तर परत या, म्हणून बजावलं.

परतीच्या वाटेवर गुरुबसप्पा जगण्याच्या आनंदात होते. नळेगावाला त्यांना किल्ली आठवली, आणि आनंद तिथंच उतरला. मरणारा माणूस देऊन जातो ते ठीक, पण जगला तर परत मागायचं कसं? त्यांनी ठरवलं, घरी गेल्यावर आजार गंभीर आहे असंच सांगायचं, आणि हळूहळू बरं होत किल्ली मागायची.

पण गल्लीत शिरल्यावर शिवकांता थेट आडाकडे गेली. तिथं बायकांची झुंबड होती. ते हातपाय धुऊन येईस्तोवर काळजापासून गोदामापर्यंतची हकीकत सगळ्या घागरींत वाटली गेली होती.

दोन दिवस जगदेवी स्वतः घागर आणून ओट्यावर ठेवत होती आणि गुरुबसप्पा मुकाट्यानं पीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माळावरून परत आले. चेहरा उजळला होता, चाल हलकी होती. आजच किल्लीचं बोलायचं, असं ठरवून ते आडापाशी आले. रांगेनं घागरी खाली टेकवल्या. मलप्पानं दोर हातात तसाच धरून विचारलं,

"अण्णा, झालं?"

गुरुबसप्पांनी रांगेकडे पाहिलं. म्हातारीकोतारी, लेकीसुना, निवृत्तीराव, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"झालं," ते म्हणाले.

गल्लीनं सुटकेचा निःश्वास सोडला. मलप्पानं तांब्या भरून पुढे केला, आणि त्यांना तो सगळ्यांसमोर उभ्यानं संपवावा लागला.

किल्लीचा विषय काढायचा म्हणजे आधी पोटाचा विषय निघणार, म्हणून त्यांनी तो कधी काढलाच नाही. पाऊस पडेपर्यंत गल्ली रोज सकाळी त्या आडावर पाणी भरत होती, आणि रोज सकाळी त्यांना तेच विचारत होती.