पूजेतली पक्कड

मंडळी, एक आधीच सांगून ठेवतो: हात माझा पक्का आहे! इस्लामपुरात असताना आमच्या गल्लीत मी उघडला नाही असा पंखा नव्हता, मिक्सर नव्हता, सायकल नव्हती. त्यातलं पुन्हा चाललं किती, हा प्रश्न वेगळा. तो आज घ्यायचा नाही.

त्यामुळे रिमोटवर पळणाऱ्या गाडीचं जपानी कीट घरी आलं, तेव्हा मी माहितीपुस्तक सरळ बाजूला ठेवलं. एकशे चौदा स्क्रू! म्हटलं, मल्हारराव, हे तर आपलंच काम.

आता छत्तिशीत हे खूळ कशाला, असं आई फोनवर म्हणालीच. तिला काय सांगणार? इकडे कन्नड मुलखात, महादेवपुऱ्यात, मी दोन वर्षं एकटा राहतो. काम घरूनच. दिवसभर लॅपटॉपवरच्या चौकोनांशी बोलायचं आणि संध्याकाळी कुकरशी. कुकर निदान उत्तर तरी देतो! लिफ्टमध्ये माणसं भेटतात, पण सगळी मजल्याच्या आकड्याकडे बघत उभी असतात. मीही आकड्याकडेच बघतो. खरं सांगतो, कधीकधी रविवार संपेपर्यंत माझा आवाजच मी ऐकलेला नसायचा.

तर हेब्बाळजवळच्या एका मैदानावर सुटीच्या दिवशी पंधरा-वीस जण अशा गाड्या पळवतात, चहा पितात, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. त्यांच्या ग्रुपवर मी सहा महिने गप्प बसून फोटो बघत होतो. शेवटी धीर करून लिहिलं, ‘बुधवारी सुटी आहे. गाडी घेऊन चारला येतो.’ एकाने अंगठा पाठवला. एकच! पण मी तो अंगठा चार वेळा उघडून पाहिला.

बुधवारी सकाळी गाडी तयार झाली. फक्त चाकं फिरेनात. मोटर मी इतकी आवळली होती की गिअरचे दात एकमेकांत रुतून बसले होते. काही हरकत नाही, मोटरचा एक स्क्रू सैल करायचा, एवढंच!

स्क्रूड्रायव्हर लावला, जोर दिला. खर्रर्र! आणखी जोर दिला. खर्रर्र! चष्मा पुसून पाहिलं, तर फुलीच्या खाचेची वाटी झाली होती. जपानी स्क्रूची खाच वेगळी असते, आपला बाजारातला फुलीचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही आणि कडा खाऊन टाकतो. हे माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं म्हणे.

रबरबँड मध्ये घालून पाहिला, तुटला. वरून डिंक लावला, तो माझ्या बोटाला चिकटला. साडेअकरा झाले. पक्कड पाहिजे! दुकानं बंद. मग मी दोन वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. खाली जाऊन माणसांकडे मदत मागितली.

पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रदीपकुमार आपल्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवत होते.

“सर, पक्कड मिळेल का?”

“आज?” ते ताठच उभे राहिले. “आज आयुधपूजा आहे! टूलबॉक्स पूजेत आहे. उद्या या.”

खंडेनवमी! आमच्याकडेसुद्धा बाबा विळा-कोयत्याला हळदकुंकू वाहतात की. पण एकट्या माणसाला सण म्हणजे कॅलेंडरवरचा लाल आकडा. पहिल्या मजल्यावर विचारलं, पक्कड पूजेत. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर विचारलं, पूजेत! प्रत्येकाने ओंजळभर चुरमुरे-फुटाणे मात्र दिले. माझे दोन्ही खिसे भरले, हातात हत्यार नाही.

शेवटचा दरवाजा माझ्याच चौथ्या मजल्यावरचा, लिफ्टच्या पलीकडचा. दार उघडंच होतं. पासष्टीच्या एक बाई बाहेर आल्या. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली आणि मध्येच अडकून “अरे देवा” म्हणालो.

“अय्यो, मराठी की काय रे तू?” बाई ओरडल्या. “आम्ही पण घरात मराठीच की! किती पिढ्या झाल्या इथं, मोजलं नाही. मी सुनंदाबाई. ये, ये, बस स्वल्प!”

दोन वर्षं! वीस पावलांवर मराठी बोलणारं घर, आणि मी कुकरशी बोलत होतो. काय वाटलं सांगू? रडूच यायचं बाकी होतं.

“काकू, एक पक्कड...”

“काकू कशाला, अक्का म्हण. पक्कड आज कशी देऊ रे? हत्यारं बसलीत पूजेला. उद्या सकाळी उठवायची. आज आम्ही सुईला पण हात लावत नाही. थांब, डाळीची कोसंबरी आणते.”

त्या आत गेल्या. समोर पाटावर हातोडी, पाने, करवत आणि त्यांच्या मधोमध शेवंतीचं फूल डोक्यावर घेतलेली पक्कड. मी घड्याळ पाहिलं. साडेबारा. मैदान लांब. पाच मिनिटांचं तर काम होतं! मंडळी, मी पक्कड उचलली आणि “अक्का, फोन आलाय, आलोच” असं ओरडून पळालो.

घरी येऊन पक्कड लावली. आता स्क्रूचं डोकं खोल खळग्यात. पक्कड तिथं पोचेचना! चोरी केली ती केली, वर फुकट गेली. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर प्रदीपकुमारांचा निरोप आला: ‘चौथ्या मजल्यावरून पूजेतली पक्कड चोरीला. सर्वांनी सावध राहावे.’ त्याखाली धडाधड निरोप. कोणी कॅमेरे तपासा म्हणतंय, कोणी पोलीस. आणि बाहेर अक्कांचा आवाज: “तो पोरगा? छे हो! मराठी आहे तो!”

हे ऐकून मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पक्कड परत कशी ठेवावी याचा विचार करतोय तोच बेल वाजली. दार उघडलं. बाहेर वीसएक माणसं! अक्कांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत भिंतीवर, दारावर, कडीवर लाल बोटं उमटली होती. पक्कडीवरचं कुंकू! पहारेकऱ्याने फक्त बोटांमागून यायचं काम केलं होतं.

माझ्या दारात एवढी माणसं पहिल्यांदाच आली होती. लाजेने मान खाली गेली आणि तोंडातून सगळंच बाहेर पडलं.

“अक्का, चुकलो. मला चार वाजता एका ठिकाणी जायचं होतं. तिथं माणसं असतात. इथं मला कोणीच ओळखत नाही हो!”

अक्कांचे यजमान सुब्बाराव पुढे आले. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं जुळवलेला माणूस. मला वाटलं, आता कानाखाली बसते! त्यांनी गाडी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रूकडे पाहिलं.

“हे कोणी केलं?”

“मी.”

“चोरीचं राहू दे,” ते कळवळून म्हणाले. “हे पाप आहे रे!”

गाडी त्यांनी जप्तच केली. अक्कांनी पक्कड धुऊन पुन्हा पूजेला बसवली, शेजारी माझी गाडी ठेवली, तिला कुंकू लावलं आणि चार चाकांखाली चार लिंबं. लिंबं चाकांपेक्षा मोठी! गाडी अधांतरी तरंगायला लागली. सगळे हसले, प्रदीपकुमारसुद्धा.

“उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही,” सुब्बारावांनी बजावलं. “जेवायला बस.”

पानावर बसल्याबसल्या मी मैदानाच्या ग्रुपवर जड मनाने लिहिलं, ‘माफ करा, आज जमत नाही.’ लगेच उत्तर आलं: ‘आज कोण येतंय? सगळ्यांच्या गाड्या पूजेत!’

म्हणजे मी ज्यासाठी चोर झालो, तिथं आज चिटपाखरूही नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं उठवली. सुब्बारावांनी सोल्डरिंग आयर्न तापवून स्क्रूवर टेकवलं, जपानी खाचेचा स्क्रूड्रायव्हर वर ठेवून हातोडीची एक टिचकी मारली आणि फिरवला. निघाला! अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मला वाटलं होतं, निदान दुपार तरी होईल.

“अजून असे आहेत का?” त्यांनी विचारलं.

“आहेत ना!” मी घाईघाईने म्हणालो. “पुष्कळ! रविवारी आणतो.”

एकही नव्हता. पण चालेल, म्हटलं, आपला हात पक्का आहे, रविवारपर्यंत चारपाच सहज बिघडवू. तेवढ्यात सुब्बारावांनी तो जपानी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. “हा तुझाच आता.” आणि माझा जुना त्यांनी माझ्यादेखत कचऱ्यात टाकला.

मंडळी, दोन दिवस मी खपतोय. उलटा धरून पाहिला, तिरका धरून पाहिला, अंगातला सगळा जोर लावला. एकही स्क्रू बिघडत नाही! कोणाला युक्ती माहीत असेल तर कृपा करून कळवा. रविवार उद्यावर आलाय, आणि अक्कांनी माझ्यासाठी लिंबाचं चित्रान्न करते म्हणून सांगितलंय.